पहिला परदेशी हिवाळा: जॅकेटच्या पलीकडची तयारी

ऑगस्ट-सप्टेंबर आला की नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, खारघर इथल्या कित्येक घरांत बैठकीच्या खोलीत वजनकाटा येतो. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, त्यांत कुकर, मसाले, भाजणी, मेतकूट आणि वरून कोंबलेलं एक जाड जॅकेट. निरोपाला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "थंडीचं काय घेतलंस?" विचारणारा काळजीनेच विचारतो. पण इथून पहिल्यांदा जर्मनी, ब्रिटन, कॅनडा किंवा अमेरिकेत गेलेल्यांना पहिल्या हिवाळ्यात काय जड गेलं असं विचारा, थंडीचं नाव बरंच मागून येतं. थंडीला कपडे आहेत, घरात हीटर आहे. दुपारी चारला पडणारा अंधार आणि नाताळात सगळं गाव बंद होतं ते दिवस, यांच्यासाठी मात्र कुणी काही बांधून देत नाही. ही तयारी ऑक्टोबरात करायची असते. डिसेंबर उजाडल्यावर ती सुचत नाही.

कपड्यांचं आधी उरकून घेऊ, कारण ते सोपं आहे. आपल्याकडे पंखा बंद करावा लागला की थंडी पडली म्हणायची, त्यामुळे इथल्या दुकानातल्या जाड स्वेटरवर फार विसंबू नका. इथून न्यायचं ते थर्मलचे दोन-तीन जोड, लोकरीचे मोजे, कानटोपी आणि विमानतळावरून खोलीपर्यंत पोहोचण्यापुरतं एखादं जॅकेट. खरा कोट आणि बूट तिकडे घ्या. कोट वारा आणि पाणी अडवणारा हवा. बुटाच्या तळाला पकड हवी, आतून तो कोरडा राहायला हवा आणि जाड मोजा घालून बोटं हलली पाहिजेत. बूट घट्ट असेल तर रक्त नीट खेळत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. ब्रिटनमधली चॅरिटी शॉप्स, अमेरिका-कॅनडातली जुन्या कपड्यांची दुकानं इथे चांगले कोट निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, तिथे जायला संकोच करू नका. अंगाला लागून सुती गंजी मात्र घालू नका. बस पकडायला धावलात की सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांब्यावर उभं राहिल्यावर तोच घाम गारठवतो. आधी थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, त्यावर कोट. वर्गात शिरलं की वरचे दोन उतरवायचे, कारण आतली हवा गरम असते.

कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात असाल तर हवामानाच्या अ‍ॅपवर नुसतं तापमान न बघता वाऱ्यासकट जाणवणारं तापमान बघा. ते उणे २८च्या खाली गेलं की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. नाक, कान आणि बोटं आधी जातात. बर्फावर चालताना पावलं छोटी टाका, पाऊल सपाट ठेवा आणि हात खिशाबाहेर असू द्या. खिशात हात घालून घसरलेला माणूस तोंडावर पडतो.

आता मुख्य गोष्ट. पनवेलला डिसेंबरातला दिवस साधारण अकरा तासांचा असतो. बर्लिनमध्ये त्याच दिवसांत सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चारच्या आत मावळतो. लंडनचंही तसंच. टोरांटो दक्षिणेला असल्याने तिथे पावणेपाचपर्यंत उजेड असतो, इतकाच फरक. त्यातही आकाश आठवडाभर करडं राहिलं तर सूर्य उगवला की नाही हे घड्याळात बघूनच कळतं. आपल्याला पावसाळ्यातले काळोखे दिवस ठाऊक असतात, पण त्या काळोखातही संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत बाहेर काहीतरी दिसत असतं, रस्त्यावर माणसं असतात. तिकडे प्रयोगशाळेतून बाहेर पडावं तर रात्र, आणि सकाळी बस पकडावी तरी रात्रच.

याचा शरीरावर परिणाम होतो, आणि तो मनाचा खेळ नाही. नॉर्मन रोझेन्थल हे मानसोपचारतज्ज्ञ दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचे. १९७६ साली ते न्यूयॉर्कला गेले आणि उन्हाच्या देशातून आलेल्या या माणसाला जाणवलं की हिवाळ्यात आपली कामाची उमेद उतरते आणि वसंतात परत येते. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि प्रखर प्रकाशाचा उपचारही मांडला. लक्षणं लक्षात ठेवण्यासारखी आहेत: झोप वाढते, तरी थकवा जात नाही, गोड आणि पिठूळ खावंसं वाटत राहतं, माणसं नकोशी होतात, फोन उचलावासा वाटत नाही. अशा वेळी आपल्या घरांतून "आळस झटक" असा सल्ला मिळतो. तो देऊ नका आणि मिळाला तर मनावर घेऊ नका.

करायचं ते असं. दुपारच्या जेवणाची सुट्टी बाहेर चालण्यात घालवा, आभाळ कितीही मळभलेलं असो. ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेडसुद्धा खोलीतल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. टेबल खिडकीशी लावा. सकाळी उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही बदलू नका, कारण शनिवारी बारापर्यंत झोपलं की चार तासांच्या उजेडावर दिवस संपतो. प्रकाशोपचाराचे दहा हजार लक्सचे दिवे मिळतात; सकाळी वीस ते तीस मिनिटं त्यासमोर बसायचं असतं. डोळ्यांचा किंवा मनाचा काही आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ड जीवनसत्त्वाकडेही लक्ष द्या. ब्रिटनची आरोग्यसेवा शरद आणि हिवाळ्यात सर्वांनाच रोज दहा मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, घेण्याचा विचार करायला सांगते आणि सावळ्या कातडीच्या लोकांना तर वर्षभर. आपण त्यात मोडतो. निघण्यापूर्वी पनवेलमध्येच रक्तातली ड आणि ब १२ ची पातळी तपासून घ्या, शाकाहारी असाल तर नक्कीच.

घड्याळाची एक गोष्ट पालकांसाठी. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिका-कॅनडाच्या बहुतेक भागांत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. आपल्यातलं आणि जर्मनीतलं अंतर साडेतीन तासांवरून साडेचार होतं, लंडनचं साडेपाच, न्यूयॉर्क-टोरांटोचं साडेदहा. जेवणं आटोपून रात्री नऊला फोन लावायची आपली सवय असते. उन्हाळ्यात तो जर्मनीत साडेपाचला वाजायचा, आता साडेचारला वाजेल, म्हणजे अंधार नुकताच पडलेला असेल, आणि ते चांगलंच आहे. लंडनला मात्र तो साडेतीनला वाजतो, दिवसाचा शेवटचा उजेड शिल्लक असताना. तो अर्धा तास पोराला बाहेर फिरू द्या आणि फोन साडेदहाला करा. आणि रोज "आज किती डिग्री?" हा प्रश्न नको. "आज कुणाला भेटलीस?" हे विचारा. त्याचं उत्तर दोन-तीन दिवस लागोपाठ "कुणालाच नाही" असं आलं तर काळजी करायची वेळ आहे.

खोलीविषयी बोलू. जर्मनीत भाडं ठरवताना हीटिंगचा खर्च भाड्यात धरलाय की वेगळा, हे करारात वाचा. रेडिएटरच्या नळावर एक ते पाच आकडे असतात. तीनवर खोली साधारण वीस अंशांना राहते. पाचवर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापते आणि वर्षअखेरीला हिशोबाचं बिल येतं. आपल्या सवयीप्रमाणे कपडे खोलीतच वाळत टाकले, त्यात कुकरची वाफ आणि थंडीच्या भीतीने खिडकी महिनाभर बंद, की कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी धरते. ती आधी वासाने कळते. मग कपाट ओढून बघावं तर कोपऱ्यात मिरीएवढे ठिपके, आणि खोली सोडताना अनामत रकमेतून रंगकामाचे पैसे वजा. म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा रेडिएटर बंद करून खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा, मग घट्ट लावा. जर्मनीत घरमालक हे तुमच्याकडून अपेक्षितच धरतात.

फोडणीने धुराचा अलार्म वाजतो, हे जवळजवळ प्रत्येकाच्या नशिबी असतं. अलार्मवर पिशवी बांधू नका, तो जीव वाचवतो आणि झाकल्याबद्दल दंडही होऊ शकतो. आधी शेगडीवरचा पंखा सुरू करा, स्वयंपाकघराचं दार लावा, तेल मध्यम आचेवर तापवा आणि धूर दिसण्याच्या आत मोहरी टाका. इलेक्ट्रिक शेगडी बंद केल्यावरही तापत राहते, म्हणून मोहरी तडतडली की कढई बाजूला घेऊन मग हिंग-हळद घाला. सुकट आणि सुके बोंबील न्यायचा मोह आगरी-कोळी घरांना होणारच, पण सामायिक स्वयंपाकघरात बंद खिडक्यांच्या दिवसांत ते भाजणं शेजाऱ्यांशी कायमचं वाकडं करून घेणं आहे. ते वसंतासाठी ठेवा. आणि एक गोष्ट अगदी निक्षून: खोलीत ऊब यावी म्हणून कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू आत आणू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

आजार अंगावर काढण्याच्या बाबतीत आपल्या लोकांना एक आठवण द्यावीशी वाटते. कल्याणच्या आनंदीबाई जोशी. पती गोपाळरावांची पोस्टातली बदली झाली म्हणून त्या काही काळ आपल्या अलिबागलाही राहिल्या. १८८३ साली कलकत्त्याहून जहाजाने अमेरिकेला गेल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना तिथली थंडी आणि न मानवणारं अन्न यांनी त्यांची प्रकृती ढासळली, क्षय जडला. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली, एवढीच काय ती थंडीशी तडजोड. ११ मार्च १८८६ला त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या, बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्याजवळ क्षयावर औषध नव्हतं. तुमच्याजवळ आज विद्यार्थी विमा आहे, डॉक्टर आहे, आणि तरीही "तिकडे डॉक्टर महाग" म्हणून आपली मुलं क्रोसिनवर महिना काढतात. पोहोचल्या आठवड्यात ब्रिटनमध्ये जवळच्या जीपीकडे, म्हणजे स्थानिक डॉक्टरकडे, नाव नोंदवा, बाकी देशांत विम्यात काय बसतं ते वाचून ठेवा, ऑक्टोबरात फ्लूची लस घ्या. खोली तापत नसेल तर घरमालकाला लेखी कळवा. रजई वाढवून गप्प बसू नका. उबदार खोली हा तुमचा हक्क आहे.

आता सणासुदीचे दिवस. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगला आणि सगळीकडे नाताळात वसतिगृहं रिकामी होतात, प्राध्यापक गावी जातात, खाणावळी बंद होतात. लंडनमध्ये २५ डिसेंबरला मेट्रो, बस, रेल्वे काहीच धावत नाही. जर्मनीत २४च्या दुपारी दुकानं बंद होतात ती २७लाच उघडतात. लागून रविवार आला तर आणखी एक दिवस. आपल्याकडे दिवाळीत बाजार फुलतो, पनवेलच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे सणाच्या दिवशी शुकशुकाट ही कल्पनाच आपल्या डोक्यात बसत नाही. दूध, पाव, भाज्या, डाळ-तांदूळ, औषधं २३ तारखेपर्यंत भरून ठेवा. बँक, विद्यापीठ आणि परवान्याच्या कचेऱ्यांतली कामं १५ डिसेंबरपूर्वी उरका, नंतर जानेवारीशिवाय कुणी भेटत नाही. फिरायला जायचं असेल तर तिकिटाआधी व्हिसा बघा. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर युरोपातल्या बहुतेक देशांत जाता येत नाही. अमेरिकेतून बाहेर पडताना आय-२० या कागदावर विद्यापीठाची प्रवासासाठीची सही हवी आणि परतण्यासाठी व्हिसाच्या शिक्क्याची मुदत शिल्लक हवी.

कुणी नाताळच्या जेवणाला बोलावलं तर जा. त्यांच्या लेखी ते घरचं जेवण असतं, आणि एकट्या परदेशी विद्यार्थ्याला बोलावणं ही तिथे मनापासूनची गोष्ट असते. बोलावणं आल्यावर लगेच हो-नाही कळवा. शाकाहारी असाल तर त्याच वेळी सांगा आणि "अंडं चालतं का, मासे चालतात का" हेही स्वतःहून सांगून टाका. ऐन ताटावर सांगितलं तर यजमानाची अडचण होते. वेळेवर पोहोचा. हातात काहीतरी न्या: चहाचा मसाला, काजूचं पाकीट, स्वतः केलेल्या शंकरपाळ्या. जर्मन नाताळबाजारात वाफाळता ग्लूवाइन मिळतो तो वाइनचाच असतो. दारू नको असेल तर किंडरपुन्श मागा. कपाची अनामत रक्कम कप परत केल्यावर मिळते.

पण दुसऱ्यांच्या सणात पाहुणा होऊन हिवाळा सरत नाही. आपला स्वतःचा हिवाळा बरोबर न्यावा लागतो, आणि तो आपल्याकडे भरपूर आहे. दिवाळी बहुतेकदा मोठ्या अंधाराच्या आधीच संपते. त्यानंतर मार्गशीर्षातले गुरुवार, चंपाषष्ठी, दत्तजयंती, भोगीला बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी, संक्रांतीचा तिळगूळ. कालनिर्णय न्या आणि खिडकीजवळ लावा. त्यातली सूर्योदयाची वेळ तिथे लागू नाही, पण दर आठवड्याला काहीतरी येऊ घातलंय हे भिंतीवर दिसत राहतं. पार्सल पाठवणाऱ्यांनी ध्यानात ठेवा: युरोप आणि ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ टपालाने नेऊ देत नाहीत, म्हणून पेढे, बर्फी, तूप नको. चकली, चिवडा, तिळाची चिक्की पाठवा, नोव्हेंबरातच पाठवा, आणि डब्यात काय आहे ते इंग्रजीत स्पष्ट लिहा.

आणि पोपटी. डिसेंबर-जानेवारीत पनवेल-अलिबागच्या शेतांत मडक्यात भांबुर्डीच्या पाल्याबरोबर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी भरून ते उलटं ठेवतात आणि भोवती जाळ करून भाजतात, आणि नेमक्या त्या फोटोंनी तिकडे पोरांचा जीव कासावीस होतो. अंगणात जाळ करायला तिकडे परवानगी नसते, पण ओव्हन असतो. जाड झाकणाचं भांडं घ्या. तळाला कोबीची पानं, त्यावर सालीसकट बटाटे आणि रताळी, वाल नाहीत तर शेंगांसकट गोठवलेले सोयाबीन, ते एडामामे नावाने मिळतात. जाडं मीठ आणि भरपूर ओवा, कारण भांबुर्डीचा वास ओव्याशीच जवळचा. चिकन घालायचं तर आलं-लसूण-मिरची लावून कागदात गुंडाळून मध्ये. वरून पुन्हा पानं, झाकण घट्ट, २०० अंशांवर तासभर. धुराची चव येणार नाही. पण झाकण उघडल्यावर ओव्याची वाफ तोंडावर येते तेव्हा मजल्यावरची चार दारं आपोआप उघडतात, आणि ओळखी होण्याचा याहून सोपा रस्ता मला माहीत नाही.

पनवेलकर परदेशातल्या पहिल्या हिवाळ्याला आजच सामोरे जात आहेत असं नाही. इथल्या बेथ एल सिनेगॉगचे बेने इस्रायली ज्यू, ज्यांना कोकणात शनिवार तेली म्हणत, त्यांच्यातली कित्येक घरं १९४८ नंतर इस्रायलला गेली. तिथे पाऊस पडतो तो हिवाळ्यात. जून कोरडा आणि जानेवारी ओला. ऋतूच उलटे झाले, पण त्यांनी घरात मराठी सोडली नाही, मलिद्याचा विधी चालू ठेवला आणि 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. या मंडळांच्या संक्रांतीला जा. वर्गणी परवडत नसेल तर खुर्च्या मांडायला, जेवण वाढायला या असं सांगा. काम करणाऱ्याला कुणी परकं मानत नाही.

शेवटी काही क्रमांक, फोनमध्ये आजच साठवा. जर्मनीत तातडीसाठी ११२ आणि रात्री-सुट्टीच्या दिवशी डॉक्टरसाठी ११६११७. ब्रिटनमध्ये ९९९, वैद्यकीय सल्ल्यासाठी १११, आणि मन फार खचलं असेल तर समॅरिटन्सचा ११६१२३. अमेरिका आणि कॅनडात ९११, मानसिक आधारासाठी ९८८. घरच्यांना स्वतःच बोलायची गरज वाटली तर भारतात टेली-मानसचा १४४१६ आहे, तो मराठीतही बोलतो.

ज्यांचा एक हिवाळा तिकडे पार पडलाय त्यांना एक विनंती. आपल्या शहरात यंदा पनवेल, उरण, कर्जत, अलिबागकडून कोण नवीन आलंय ते नोव्हेंबरातच शोधा, आणि २५ डिसेंबरच्या जेवणाला त्यांना आताच बोलावून ठेवा. लंडनमध्ये असाल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला बोलवा, कारण त्या दिवशी बस नसते.